गाडीतल्या नव्या स्क्रीनवर आलेला फोन

आमच्या गाडीचा कंपनीचा रेडिओ बारा वर्षं चालला. शेवटच्या वर्षी त्याचा आवाज फक्त वाढायचा, कमी व्हायचा नाही. कमी करायचा असेल तर गाडी बंद करावी लागे. लालबागच्या सिग्नलला मी एकदा तेही केलं. मग बायको म्हणाली, "आता बदल."

गिरगावातल्या एका दुकानात नवी टचस्क्रीनवाली सिस्टिम बसवायची ठरली. बाबा म्हणाले, "मीही येतो." गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वीस वर्षं एका कंपनीत स्टोअर सांभाळलं होतं, त्यामुळे कुठलीही वस्तू बदलली जाताना समोर उभं राहणं त्यांना आपलं काम वाटतं. दुकानातल्या फिटरने डॅशबोर्डची फ्रेम उचकटली तेव्हा बाबांनी विचारलं, "वायर कापणार का?"

"नाय अंकल, कपलर येतो. नुसता लावायचा."

बाबांनी तीनदा खात्री करून घेतली. तेवढ्यात मला ऑफिसचा फोन आला आणि मी फुटपाथवर गेलो. परत आलो तर काम झालं होतं. मधल्या वेळात फिटरने ब्लूटूथ तपासायला कोणाचा तरी फोन मागितला होता आणि बाबांनी आपला दिला होता. हे मला त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं माटुंग्याला निघालो, बायकोच्या मावशीकडे. बाबा माझ्या शेजारी, बायको मागे. परळच्या पुलावर स्क्रीन उजळली आणि गाडीभर रिंग वाजली. मला वाटलं माझा फोन. मी हिरवं बटण दाबलं.

चारही स्पीकरमधून गावाहून काकांचा, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाचा आवाज आला. "काय रे, कधी येतंस? वरची खोली झाडून ठेवलंय. तुझ्या झिलाक सांगलंस की नाय, कायमचो येतंय म्हणान?"

झील म्हणजे मुलगा, म्हणजे मी. बाबा खिशातला फोन शोधू लागले. "नंतर करतंय. गाडीत आसंय."

"गाडीत? झील आसा मां बाजूक? मगे आताच सांगून टाक!"

बाबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. फोन कटला नाही, आवाज वाढला. काका गाडीभर ओरडत होते, "हॅलो! सांगलंस?"

"सांगितलं त्यांनी," मागून बायको म्हणाली. मग मी फोन कट केला.

मला राग आला होता. आई गेल्यापासून बाबा आमच्या हॉलमध्ये झोपत, एकोणिसाव्या मजल्यावरून खाली बघत आणि म्हणत, सगळं ठीक आहे. मी ते खरं मानलं होतं, कारण ते मानणं सोयीचं होतं. माटुंग्याला गाडी लावल्यावर बायको मावशीकडे वर गेली. आम्ही दोघं बसून राहिलो.

"तुला विचारणारच होतो," बाबा म्हणाले.

"कधी?"

"तुझा मूड बघून."

"किती दिवस बघत होता?"

"तीन महिने."

"तीन महिने माझा मूड नव्हता?"

त्यांनी नीट विचार केला. "गणपतीत होता. पण तेव्हा घरात पाहुणे होते."

मी विचारलं, "इथे त्रास होतो का?"

"त्रास नाही रे. दिवसभर बोलायला कोणी नाही."

वरून बायकोचा मेसेज आला: चहा गार होतोय, तिथेच राहायचा विचार आहे का?

रात्री जेवताना तिनेच तोडगा काढला: दोन महिने गावी राहून बघा, नाही जमलं तर परत या. दिवाळीनंतर मी बाबांना सोडून आलो.

दोन महिने कधीच उलटून गेले. मध्यंतरी बाबांचा फोन आला. विहिरीवरचा पंप किती वेळ चालवायचा यावरून काकांशी त्यांचं बिनसलं होतं. काका ऐकत नाहीत, काकांना मशिनरीतलं काही कळत नाही, काका पहिल्यापासून असेच. अर्धा तास ते बोलत होते. इतकं सलग बोलताना मी त्यांना बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

मी म्हटलं, "एवढा वैताग असेल तर परत या."

"आत्ता कसा येऊ?" ते म्हणाले. "भांडण अजून संपलेलं नाही."