सुईआधी बोट

आमच्या खात्यात हाताला फार मान. गाय अडली की आम्ही बाही वर सारतो, साबण लावतो आणि खांद्यापर्यंत हात आत घालून वासराचं डोकं कुठं, पाय कुठं ते डोळे मिटून सांगतो. बीड जिल्ह्यातल्या जनावरांच्या दवाखान्यांत पशुधन पर्यवेक्षक म्हणून मी तीस वर्षं हेच केलं. डॉक्टरची पदवी नव्हती, तरी लोक मला डॉक्टर म्हणत आणि मी ते कधी नाकारलं नाही. कुत्र्यांचं काम करायला मात्र मला कमीपणा वाटे. कुत्री काय, उकिरड्यावरही वितात, त्यांना कसला आलाय डॉक्टर, असं मी चारचौघांत बोलायचो आणि लोक हसले की मला बरं वाटायचं.

तेव्हा मी आष्टीकडच्या एका गावात होतो. दवाखान्यामागच्या वस्तीवर एक म्हातारी राहायची. दिवाळी झाली की तिचा लेक आणि सून ऊसतोडीला जात, ते उन्हाळा लागल्यावरच परत येत. मधल्या पाच-सहा महिन्यांत घरात ती एकटी, चार शेळ्या आणि एक तांबडी कुत्री. शिवारात बिबट्या दिसल्याची आवई उठली की माणसं दिवसाउजेडी कड्या लावून बसत, पण ही कुत्री शेळ्यांजवळून हलत नसे. म्हातारी म्हणायची, "ही हाय म्हणून मला झोप लागती."

ती कुत्री गाभण होती. दिवस भरले आणि थंडीतल्या एका सकाळी म्हातारी दवाखान्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"डॉक्टर, पहाटं येक पिल्लू झालं. उन्हं वर आली तरी दुसरं येईना. लई कण्हायलीय. चला की जरा."

मी मोटारसायकलला किक मारतच होतो. गावच्या पुढाऱ्याच्या गोठ्यात गाय अडली होती आणि तिकडून दोन फोन येऊन गेले होते. म्हातारीचं घर वाटेवरच होतं म्हणून थांबलो, नाहीतर थांबलो नसतो. कुत्री ओसरीत गोणपाटावर आडवी पडली होती. झालेलं पिल्लू तिला लुचत होतं. मला पाहून तिनं दोनदा शेपटी हलवली. मी उभ्याउभ्या कळांचं इंजेक्शन भरलं, वाकून तिच्या मांडीत टोचलं, "येतील आता धडाधड," असं म्हणालो आणि निघालो. पाच मिनिटंही लागली नसतील.

पुढाऱ्याच्या गाईत हात घालून मी दीड तास राबलो. वासराची मान मागं मुरगळली होती, ती सरळ करता करता खांदा बधिर झाला. वासरू जिवंत निघालं. पुढाऱ्यानं तिथंच मला फेटा बांधला, चहा पाजला, पोरांनी फोटो काढले.

परत येताना दुपार झाली होती. म्हातारी रस्त्यावर येऊन थांबली होती. मी फेट्यासकट ओसरीत शिरलो. कुत्रीचं पोट तट्ट फुगलं होतं आणि पाय गार पडले होते. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या पांढऱ्याफटक. सलाइन लावायला शीर सापडेना. मी तिथूनच बीडच्या आमच्या वरिष्ठ डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सुईआधी बोट घालून बघितलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. मग ते आवाज न चढवता सांगत राहिले. पिल्लू वाटेत आडवं अडकलेलं असताना कळा वाढवल्या, तर गर्भाची पिशवी फाटते. कुत्रीत हात जात नाही, पण हातमोजा घातलेलं एक बोट जातं. सुई द्यायची की ऑपरेशनला पाठवायचं, ते तेवढ्या बोटाला कळतं. "आता निघालास तरी इथवर पोचायची नाही ती," ते म्हणाले.

ऊन उतरायच्या आत ती गेली. त्या गाईला मी खांद्यापर्यंत हात दिला होता आणि हिला एक बोटसुद्धा लावलं नव्हतं.

म्हातारी रडली नाही. तिनं पिल्लू उचलून पदरात घेतलं आणि मला विचारलं, "डॉक्टर, म्या पहाटं तिला गूळ चारला व्हता. ताकद यावी म्हनून. त्यानंच गेली का वो?"

दारात शेजारच्या बाया जमल्या होत्या. खरं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं आणि बोललो ते भलतंच. "गूळ गरम पडतो, मावशी. द्यायचा नव्हता."

एवढं बोलून मी बॅग उचलली. कुत्री मेल्याची मला लाज वाटते, पण या वाक्याची तिच्याहून जास्त वाटते. चूक कुणाच्याही हातून होते. माझी मी एका म्हातारीच्या पदरात टाकून आलो.

तिनं ते पिल्लू शेळीच्या दुधावर वाढवलं. तेही मादीच. मी मात्र वस्तीवरून जायचं टाळायला लागलो, लांबच्या रस्त्यानं फेरा घालून जायचो. कुत्र्यांवरची चेष्टा बंद केली. जुनी पुस्तकं काढून, शरमेनं का होईना, वाचायला लागलो.

दोनेक वर्षांनी, असंच थंडीत, म्हातारी दोरीला धरून त्या तांबडीची पोर घेऊन दवाखान्यात आली. पोट खाली आलं होतं, आठवड्याभरात विणार हे दिसत होतं. आमच्या शिपायानं नुकताच गुळाचा चहा केला होता. त्यानं तिच्याही पुढं कप धरला, तिनं तो बाजूला सारला.

"म्या गूळ सोडलाय, बाबा."

"शुगर झाली का काय, मावशी?"

"न्हाई रे. हिची माय माज्या हातानं गेली, तवाधरनं सोडला. संकरातीला बी नुसते तीळ खाते."

शिपाई मान हलवून बाहेर गेला. मी हातातला कप खाली ठेवला. "मावशी," मी म्हणालो, "ती गुळानं नाही गेली. माझ्या सुईनं गेली." मग बोटापासून पिशवीपर्यंत सगळं सांगितलं, फोनवरचं बोलणंसुद्धा.

ऐकून ती म्हणाली, "मंग तवा कावून न्हाई सांगितलं?"

"लाज वाटली."

आता ही शिव्या देईल नाहीतर उठून जाईल असं मला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं वाकून कुत्रीला दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. "हिला तरी नीट बघा," म्हणाली.

मी रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या घरी जाऊन ताप मोजू लागलो. विण्याआधी कुत्रीचं अंग थोडं थंड होतं. पारा उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फोन दवाखान्यात ठेवला आणि सकाळपासून ओसरीत गोणपाटाशेजारी मांडी घालून बसलो. दोन पिल्लं आपसूक झाली. तिसऱ्याला ती बराच वेळ कुंथत राहिली. मी मोजा चढवला, तेल लावलं आणि बोट आत घातलं. डोकं सरळ होतं, फक्त मोठं होतं. सुईला हात न लावता, तिची कळ आली की बोटांनी अलगद खाली ओढत राहिलो. पिल्लू निघालं ते निपचित. फडक्यानं चोळचोळ चोळलं तेव्हा कुठं ते केकाटलं, आणि मला रडू आलं.

चौथं झाल्यावर मी खिशातून कागदात बांधलेला गुळाचा खडा काढला. सकाळी येतानाच घेतला होता. "मावशी, आता तरी तोंड गोड करा. सोडा तो नेम."

तिनं खडा तळहातावर घेतला.

"म्या माजी चूक म्हनून सोडला व्हता," ती म्हणाली. "चूक तुमची निघाली. तुमी काय सोडलं, डॉक्टर?"

मी आठवून पाहिलं. पगारवाढ घेतली होती, सत्कार घेतले होते, कुणी डॉक्टर म्हटलं की अजूनही ओ देत होतो. त्या दिवशीचा तो फेटासुद्धा घडी घालून कपाटात जपून ठेवला होता.

तिनं खड्याचा एक कोपरा मोडून कुत्रीच्या तोंडापाशी धरला. कुत्री पडल्यापडल्या तो चाटू लागली.

"खा, माय," म्हातारी म्हणाली. "तुज्या मायला बी लई आवडायचा."