टोपी काढणारा पायलट

दादाच्या छातीचं माप धाकट्या भावाच्या, छोट्याच्या, विमानावर ठरायचं. विमान दिसलं की शर्टाची बटणं ताणायची.

दादा विमानतळावर टग, म्हणजे विमान ढकलायचा ट्रॅक्टर, चालवायचा. विमान केवढंही मोठं असो, त्याला आपलं आपण मागे सरकता येत नाही. पुढच्या चाकाला टग जोडून ढकलत बाहेर काढावं लागतं. "आभाळात तो नेतो, पण दारातून बाहेर मीच काढतो," हे दादाने कॅंटीनमध्ये सांगितलं होतं, न्हाव्याकडे सांगितलं होतं, दात काढताना डॉक्टरलासुद्धा सांगितलं होतं. दादाची शाळा आठवीत सुटली. छोट्याची त्याने सुटू दिली नाही.

ढकलताना पुढच्या चाकापाशी एक पिन घालतात. तिला लाल फीत असते. पिन आत आहे तोवर पायलटने कितीही फिरवलं तरी चाक वळत नाही. टग सुटला की पिन काढायची, बाजूला उभं राहून पायलटला उंच धरून दाखवायची. त्याने आतून हात केला की मगच विमान हलणार.

छोट्या पहिल्यांदा पायलटच्या खुर्चीत बसला तेव्हा दादाने पिन अशी धरली, जशी काही ढालच जिंकून आणलीय. छोट्याने हात केला नाही. डोक्यावरची टोपी काढून काचेमागे हलवली. तेच पुढे ठरून गेलं. कॅप्टन झाला, केस पिकले, तरी दादाची पिन वर गेली की टोपी निघायचीच. सगळ्या विमानतळावर असं करणारा दुसरा पायलट नव्हता.

मग कंपनीने काढलं नवीनच. म्हणे पायलट ठेवायचेच नाहीत. विमानं चालवायचं काम ठेक्यावर द्यायचं, ठेकेदार आणेल त्याचे पायलट. जुन्यांनी हवं तर त्याच्याकडे जाऊन सही करावी, निम्म्या हक्कांवर. पायलट संपावर गेले आणि त्यांच्या युनियनने टगवाल्यांना विचारलं, तुम्ही सोबत बसाल का?

शेडमध्ये मीटिंग झाली. सगळ्यात जुना टगवाला, ज्याला सगळे मामा म्हणत, तो म्हणाला, "पायलट लोक मोठे आहेत रे बाबांनो. उद्या ते सही करून मोकळे होतील आणि आपलंही काम ठेकेदाराच्या घशात जाईल. मग काय टाळ्या वाजवत बसायचं?"

दादा बाकावर चढला. "मामा, आत कोण बसलाय माहितीये ना? माझा भाऊ! पिन बघितल्याशिवाय जो चाक हलू देत नाही, तो शब्द मोडेल? छोट्या फुटला तर माझं थोबाड रंगवा."

"तुझं थोबाड आहे तसंच पुरे झालं," मामा म्हणाला. सगळे हसले आणि सगळ्यांनी हात वर केले.

त्या संध्याकाळी छोट्या घरी आला. चहा समोर ठेवला तरी कपाला हात लावेना.

"दादा, माझ्या नावावर कुणाला शब्द देऊ नकोस."

"दिला की! तुझ्या नावावर नाही तर काय त्या साहेबाच्या नावावर देऊ?"

"तसं नाही रे. पायलट जमिनीवर बसला की शिळा होतो. या वयात मला परत कोण उभं करणार?"

"मी आहे ना! चहा घे. निवला."

छोट्याने चहा घेतला नाही. जाताना दारात वाकून दादाच्या पाया पडला. दादाला वाटलं, लढायला निघालाय.

पुढच्या आठवड्यात ठेकेदाराचं पहिलं विमान निघालं. टगवाले पिवळ्या रेघेच्या अलीकडे मांडी घालून बसले होते; संप मिटेपर्यंत ती ओलांडायची नाही, असं ठरलं होतं. ठेकेदाराच्या नव्या माणसाने विमान कसंबसं ढकललं, टग सोडवला आणि निघून गेला. पिन तिथेच. लाल फीत वाऱ्यावर फडफडत होती.

"थांबेल तो," मामा म्हणाला. "पिन दिसल्याशिवाय कसा हलेल?"

तेवढ्यात विमानाचा पुढचा दिवा लागला. म्हणजे निघालाच.

"भाडोत्री लेकाचे!" दादा ओरडला. "बाहेर बघायची पण तसदी नाही! आत माणसं बसलीत रे!" आणि तो उठून पळत सुटला.

"दादा, रेघ! रेघ ओलांडू नकोस!" मागून आरडाओरडा झाला. दादा नाकासमोर जाऊन उभा राहिला, दोन्ही हात डोक्यावर फुली मारून. दिवा विझला. त्याने खाली वाकून पिन उपसली, बाजूला आला आणि सवयीने उंच धरली.

बाजूच्या काचेत एक टोपी निघाली. अर्धी हलली आणि तिथेच थांबली.

दादाचा हात वरच राहिला. काचेमागचा माणूस त्याच्याकडे बघत होता. आधी त्याने बाहेर का बघितलं नाही, ते दादाला आता कळलं. बाहेर बघितलं असतं तर रेघेवर दादा दिसला असता.

छोट्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. विमान वळलं आणि गेलं.

दादा चालत परत आला. एवढं अंतर तो रोजच चालायचा, पण आज मधेच थांबून त्याने गुडघ्यावर हात टेकले.

सगळ्यात नवीन टगवाल्याने न राहवून विचारलं, "दादा, कोण होतं आत?"

इतकी वर्षं न विचारता उत्तर देणारा माणूस. त्याने फीत पिनेभोवती गुंडाळली, पुन्हा सोडली.

"दिसलं नाही. काचेवर ऊन होतं."

टोपी सगळ्यांनी बघितली होती. मामाने सरकून शेजारी जागा केली.

"हो," मामा म्हणाला. "आम्हालाही नाही दिसलं. ऊनच फार होतं. बस."