कोकराच्या पोटातलं विरजण

काल सकाळी सिहोऱ्यात आमच्या दारावरून मेंढ्यांचा कळप गेला आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दुपारपर्यंत कोणाशी धड बोलल्या नाहीत...

धान कापल्यावर हाच कळप आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, खतासाठी बसवला होता. पुढच्या गावाला निघताना मेंढपाळदादांनी एक अशक्त कोकरू आईंच्या ओसरीवर ठेवलं. म्हणाले, "याची माय मेली. याच्यानं चालणं होत नाही. परतताना जगलं असन तं नेतो."

आईंनी पदरच खोचला. पण कोकराला गाईचं दूध पचेना, सारखे जुलाब, मागचे पाय लटपटायचे. जनावरांच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि सोबत प्रोबायोटिकच्या पुड्या... पोटातले चांगले जंतू वाढवणाऱ्या.

आई पुडी दुधात टाकायच्या, चांगल्या दोन उकळ्या आणायच्या आणि मग निववून पाजायच्या. "कच्चं औषध लेकराच्या पोटाले बाधन," म्हणायच्या. मलाही ते पटलं होतं. तरी जुलाब काही थांबेनात, आणि कळप परतायची वेळ जवळ येत होती. मला तर धास्तीच बसली.

एका संध्याकाळी मी दही लावायला बसले. दूध अजून गरम होतं, म्हणून विरजणाची वाटी हातात धरून थांबले... आणि लख्ख प्रकाश पडला. उकळत्या दुधात विरजण मरतं, मग पुडीतलं कसं जगेल?

डॉक्टरांना फोन केला. ते हसले आणि म्हणाले, पुडी कोमट दुधातच घालायची, उकळायची नाही.

मी आईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कोकराला जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "आजवर माह्या हातचं दही कदी बिघडलं नाही वं. आन् याच्या पोटातलं विरजन मीच उकळून राहिली होती."

त्यानंतर दुधात बोट बुडवून पाहिल्याशिवाय त्यांनी पुडी फोडली नाही. हळूहळू जुलाब थांबले. सकाळी उठून लेंड्या बघायच्या आणि घरभर बातमी द्यायची, हे आईंचं नवीन काम झालं. चहासुद्धा त्यानंतरच.

काल कळप आला तेव्हा आईंनी कोकराला अंगणात सोडलं. ते क्षणभर थबकलं आणि सुसाट कळपात घुसलं. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही लबाडाने...

आईंचे डोळे भरलेले पाहून दादा म्हणाले, "ठेवू का माय, तुमच्यापाशीच?"

"नाही जी. चालाले लागलं न, जाऊ द्या त्याले आपल्या लोकात." मग उरलेल्या पुड्या त्यांच्या हातात देऊन म्हणाल्या, "कोमट दुधात घालजा. उकळजा नोका."

आईंची माया कधीच कमी नव्हती... जरा निवू द्यायची होती, एवढंच. आज कळपात ते एक कोकरू आपल्या पायांनी चालतंय, या विचारानेच मन भरून येतं.