जड पिस्तूल

शारजातल्या शूटिंग क्लबमध्ये मी फरशी पुसायचो. आठवीत शाळा सोडलेल्या मला रेंजवर मदतनीस करायचं, असं उस्तादांच्या मनात आलं. उस्ताद म्हणजे क्लबात नेमबाजी शिकवणारे, साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. अट एकच: गिऱ्हाइकाला मोठ्या गोळीचं पिस्तूल दाखवायचं, तर आधी स्वतः चालवायचं.

टेबलावर दोन पिस्तुलं होती. एक लांब, जड, पोलादी. दुसरं छोटं, हलकं, कमरेला लावायचं. गोळी दोन्हींत तीच, पंचेचाळीस कॅलिबरची, मोठी. भीतीनं मी छोटं उचललं. बार झाला आणि मनगट असं उसळलं की वाटलं, खलास, परत फडकं हातात.

"भ्यायलेला माणूस छोटंच उचलतो बघ," उस्ताद हसले. "अरे लेका, हलकं पिस्तूल हाताला जास्त हिसका देतं. जड असलं की निम्मा धक्का तेच खातं. यल्ला, चल, ते जड घे."

मी जड पिस्तूल धरलं. उस्तादांनी माझ्या पाठीवर तळवा टेकवला. या वेळी हात जागेवर राहिला.

आता गिऱ्हाईक विचारतं, कमरेला लावायला आणि रेंजवर चालवायला, दोन्हीला मिळून एकच कुठलं घेऊ? मी दोन्ही समोर ठेवतो. नवखा असला की तो छोटंच उचलतो. मग मी त्याच्या मागे उभा राहतो, पाठीवर तळवा टेकवून.