तिसऱ्याआधी आलेला चौथा फोटो

घाटंजीच्या जिनिंगमधून पुन्हा फोन आला, तेव्हा रामदासदादांची गाडी कुठं आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. तोंडानं मात्र मी "येतेच आहे" म्हणाले.

मी वणीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात डिस्पॅच बघते. म्हणजे कुठली गाडी निघाली, कुठली पोचली, यावर लक्ष ठेवायचं. माझं माहेर जत तालुक्यातलं. शाळा नववीत सुटली. नवऱ्याच्या कामामुळं इतक्या लांब आले. आमच्या मालकांनी, म्हणजे भाऊंनी, मार्कशीट न मागता मला ही खुर्ची दिली. त्या दिवशी ते पुतणीच्या साखरपुड्याला गेले होते आणि ऑफिस पहिल्यांदाच एकटीवर होतं.

दादांच्या गाडीत माल म्हणून एक मोठा गिअरबॉक्स होता. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. तिथलं मशीन बंद पडलेलं, फाटकावर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि गिअरबॉक्स बसवणारा मिस्त्री संध्याकाळच्या रेल्वेनं परत जाणार. जिनिंगच्या मालकानं स्पष्टच सांगितलं होतं, की मिस्त्री असेपर्यंत माल आला नाही तर पुढचं काम दुसऱ्या ट्रान्सपोर्टला.

रामदासदादा कोळशाचे ड्रायव्हर. खाण ते रेल्वेचं सायडिंग हा रस्ता ते डोळे मिटून चालवतील, पण घाटंजीकडं कधी गेले नव्हते. पांढरकवड्याला पोचल्यावर कळलं की पुढचा पूल कामासाठी बंद आहे. आतल्या रस्त्यांवर नेट नसतं. म्हणून आमच्याकडं एक रीत आहे. नकाशा मोठा करून एकेका वळणाचा स्क्रीनशॉट काढायचा आणि नेट असेपर्यंत ड्रायव्हरला चॅटवर पाठवायचा. मी तसे पाठवले. दादांनी अंगठा पाठवला. त्यानंतर संपर्क नाही.

बऱ्याच वेळानं त्यांचाच फोन आला. कुठल्याशा टेकाडावर चढून बोलत होते.

"ताई, मी फसलो ना पांधणीत. तुमच्या फोटोत इथं शाळा हाय. समोर तं तुरीचं वावर हाय."

पांधण म्हणजे शेतातली गाडीवाट. सहा चाकी तिथं वळवायची म्हणजे परीक्षाच. म्हटलं, तुम्हाला काय दिसतंय ते मला पाठवा.

"मले तुमचे फोटोच दिसून राह्यले."

"मग तेच पाठवा. त्या स्क्रीनचाच स्क्रीनशॉट काढा."

"फोटोचा फोटो?" ते हसले. "तुमच्या जतकडं असंच करतेत काय?"

पण पाठवला. उघडला आणि मी खुर्चीतून उठलेच. माझ्या फोनवर फोटो बरोबर क्रमानं होते. त्यांच्या फोनवर चौथा वर होता, तिसरा त्याच्या खाली. नेट कमी असलं की जड फोटो मागं राहतो आणि हलका पुढं सरकतो. दादा जसे दिसले तसे, वरून खाली चालले होते. तिसऱ्याच्या जागी चौथं वळण घेतलं होतं त्यांनी.

आता जड काही पाठवून चालणार नव्हतं. त्याच नकाशाचा चुकलेल्या फाट्यापुरता तुकडा कापला, बोटानं लाल बाण काढला आणि पाठवला. एक टिक. तेवढ्यात भाऊंचा फोन आला. मागं सनई वाजत होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"कायले भेता?" भाऊ म्हणाले. "गाडी वावरात हाय, विहिरीत तं नाही ना. पाहा तुम्ही."

फोन ठेवला आणि दुसरी टिक आली. मग दोन्ही निळ्या झाल्या. मी रिकाम्या ऑफिसात एकटीच टाळी वाजवली.

तुरीत काम करणाऱ्या दोघा-तिघांनी हात दाखवून दादांची गाडी मागं काढून दिली. बाण धरून ते निघाले. मिस्त्री बॅग भरत होता तेव्हा गाडी फाटकातून आत शिरली. दिवेलागणीच्या आत दादांनी चालू मशीनचा व्हिडिओ पाठवला. आवाज इतका, की ते काय बोलतायत ते ऐकूच आलं नाही. तरी मी तो चारदा बघितला.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्क्रीनशॉटवर बोटानं काढलेला मोठा आकडा असतो. पाठवलेलं पोचतं, पण रांगेत पोचेल याची खात्री नसते.

त्या संध्याकाळी भाऊंनी ग्रुपवर साखरपुड्याचे फोटो टाकले. माझ्या फोनवर मात्र आधी पंगत उठली आणि मग अंगठी घातली गेली.