सगळ्यांच्या घरचे राजशेखर सर

आमच्या गावातले राजशेखर सर कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. स्पर्धा परीक्षा देता देता वय संपलं, तेव्हा त्यांनी दुसऱ्यांना मार्ग दाखवायचं मनावर घेतलं. स्वतःला वाट सापडली नाही की आपल्याकडे माणूस हेच करतो. घराच्या पुढच्या खोलीवर ‘जीवन मार्गदर्शन केंद्र’ अशी पाटी लागली आणि आठवी-नववीची लेकरं संध्याकाळी तिथं अभ्यासाला, मन मोकळं करायला येऊ लागली. सरांच्या वर ना कुणी साहेब, ना कुणी तपासणारं.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. मी शेजारीण आहे, सर वाईट असते तर मीच आधी बोंबलले असते. त्यांचा रोग वेगळा. त्यांना प्रत्येक घरात घरचं व्हायचं असतं. आईबाप लेकराला सोडायला येतात, नारळ देतात आणि म्हणतात, “सर, आता ही तुमचीच लेक.” बोलायची रीत असते ती. सरांनी ती खरी धरली. कुणाच्याही घरी गेले की थेट चुलीपर्यंत जातात, चहात साखर कमी पडली तर सुनेला सांगतात, आणि बारशाला नावसुद्धा तेच सुचवतात.

मध्यंतरी धाराशिवला एका संस्थेनं असल्या खासगी मार्गदर्शकांसाठी शिबिर घेतलं. तिथं सांगितलं, लेकराला दार लावून एकट्यानं घेऊन बसू नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ज्यांच्यापासून लेकराला धोका, त्यांच्याच दारात चौकशीला जाऊ नका, बाल संरक्षणवाल्यांना कळवा. सर पोटभर जेवले, प्रमाणपत्र घेताना फोटो काढला आणि परत येऊन मला म्हणाले, “मंजुषाताई, हे शहरातल्यांसाठी हाय. तिथं कुणाचं कुणाशी नातं न्हाय. आपल्याकडं कशाला नियम लागतेत?”

महिन्याभरात त्यांच्याकडं कल्याणप्पांची आरोही रडत आली. पोरगी नववीत, पंधरा वर्षांची. “सर, घरचे माझं मामासंगं लगीन लावायलेत. मला शिकायचंय. पण म्या सांगितलं म्हणून बाबाला कळू देऊ नका.” आमच्या भागात भाचीवर मामाचा हक्क धरतात. मामा महांतेश तिच्यापेक्षा दुपटीनं मोठा, पण हक्काला वय कोण विचारतो? सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि वचन दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर कल्याणप्पांच्या ओसरीवर होते.

हे मला सरांनीच सांगितलं, आणि तेही छाती फुगवून. “आपलंच घर, म्हणून सरळ बोललो. म्हटलं, लेकरू रडायलंय, जरा समजून घ्या. कल्याणप्पांनी माझे पाय धरले. म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं. मिटवलं बघा घरच्या घरी.”

“आणि पोरगी?” मी विचारलं.

“ती आता येणार न्हाय म्हणे. घरीच अभ्यास करणार हाय.”

सरांच्या पोटात अजून कल्याणप्पांकडचा शिरा होता. मी म्हटलं, अधिकाऱ्यांना कळवा. सर हसले. घरच्या माणसावर कुणी तक्रार करतं का?

मी दोनदा आरोहीच्या घरी जाऊन आले. दोन्ही वेळा तिची आई रुद्रम्मा दारातच आडवी उभी राहिली. पुढच्याच आठवड्यात सरांना निरोप आला: शेतातल्या वस्तीवर छोटा कार्यक्रम आहे, तुम्ही घरचेच, आल्याशिवाय जमायचं नाही. सर इस्त्रीचा सदरा घालून गेले. त्यांना फेटा बांधला, पुढच्या खुर्चीत बसवलं, हातात अक्षता दिल्या. तेव्हा त्यांना मुंडावळ्या बांधलेली आरोही दिसली. उठून जावं, ओरडावं, निदान अक्षता खाली टाकाव्यात. नाही. फेटा बांधलेल्या माणसाला उठता येत नसावं.

मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत सरकारी जीप आली. कुणीतरी १०९८ ला, लेकरांच्या मदतीच्या नंबरला, फोन लावला होता. कुणी, ते गाव अजून शोधतंय. शोधू दे. मीही तिथंच बायकांत उभी होते. लग्न थांबलं, कल्याणप्पांना आणि महांतेशला बाजूला घेतलं. जीपमधून आलेल्या अधिकारी बाईंनी आरोहीला लिंबाखाली बसवलं. सर तिथंही घरचे म्हणून जवळ जाऊन उभे राहिले.

बाईंनी हळूच विचारलं, “बाळा, हे लग्न नको, असं तू आधी कुणाला सांगितलं होतंस?”

आरोहीनं सरांकडं बघितलं. त्यांच्या मुठीत अक्षता तशाच होत्या.

“कुणालाच न्हाय,” ती म्हणाली.

तिला सुरक्षित ठेवायला त्याच जीपमधून उमरग्याला नेलं. परतीच्या वाटेवर सर माझ्या बरोबरीनं चालत होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. “लेकरू लई गुणाचं हो, ताई. माझ्यासाठी खोटं बोललं, पण माझं नाव येऊ दिलं न्हाय.”

मी म्हटलं, “खोटं कुठं बोलली, सर?”