मल्हार मिळून आला

हवालदार मुंजाजी म्हणजे ठाण्यातला सगळ्यात जुना माणूस आणि त्याच्या टेबलावरचा कॉम्प्युटर सगळ्यात जुनं यंत्र. दोघंही सुरू व्हायला वेळ घ्यायचे, म्हणून बाकीचे शिपाई दोघांची टिंगल करायचे. करू द्या! बायको जाऊन सहा वर्षं झालेली, लेक दीपिका पुण्याला. क्वार्टरवर भिंतींशिवाय बोलायला होतं कोण?

दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, एक बाई मात्र खास त्यालाच भेटायला यायची. कासाबाई, मेंढरं राखणारी. तिचा मल्हार आठ वर्षांमागं बापाशी भांडून गेला तो गेलाच. मुंजाजी कॉम्प्युटर चालू करायचा, नोंद उघडायचा आणि म्हणायचा, "तपास चालू हाय, मावशी."

"चालू हाय न्हवं? मग बास."

एवढंच बोलणं. पण खरं सांगू? त्या पाच मिनिटांसाठी मुंजाजी बुधवारपासून वाट बघायचा.

यंदा वरून हुकूम आला : जुनी यंत्रं हटवा, सगळ्या नोंदी नव्या प्रणालीत घाला. जिल्ह्याहून जीवन नावाचा तंत्रज्ञ आला आणि एका दुपारीत सगळं उरकून गेला. नवी प्रणाली मोठी हुशार! नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच समजून दोन नोंदींची एक करायची.

तिथंच घात झाला. मेंढपाळांच्या लेकरांच्या जन्मतारखा लिहून ठेवतंय कोण? शाळेत गुरुजी घालतात तशी मुंजाजीनंही, ज्याची माहीत नाही त्याची एक जून ठोकून दिलेली. एकाच गावचे, एकाच आडनावाचे, एकाच वयाचे दोन मल्हार, दोघांचाही एक जून. दुसरा मल्हार दोन वर्षांमागंच सुरतेत सापडला होता. प्रणालीनं दोघांना एक केलं आणि कासाबाईच्या मोबाइलवर निरोप धाडला : मिळून आला.

निरोप भाचीकडून वाचून घेऊन बाई सोमवारीच दारात हजर. हातात नवा सदरा, डोक्यावर भाकरीचं गाठोडं.

"कुठं हाय माझं लेकरू? भाईर काढा की, जमादार!"

मुंजाजीनं पडद्यावर बघितलं. दोन मल्हारांची एकच नोंद झालेली.

"मावशी, त्यो तुमचा मल्हार न्हाई. चूक माझी हाय. आत्ता दुरुस्त करतो."

बाई रडली नाही. सदऱ्याची घडी घालत म्हणाली, "राहू द्या की तसंच. कालपासून लय बरं वाटायलंय."

"तसंच ठेवलं तर त्याला कुणी हुडकणार न्हाई, मावशी."

"आजवर कोण हुडकायलं होतं?"

आठ वर्षांचा तपास म्हणजे गुरुवारी नोंद उघडून बंद करणं. मान खाली घालून त्यानं नोंद दुरुस्त केली. बाई गाठोडं उचलून गेली.

त्या गुरुवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. मुंजाजी नोंद उघडून दाराकडं बघत बसला.

शेवटी त्यानं रजा टाकली, मल्हारचा फोटो खिशात घातला आणि पूर्णेची एसटी धरली. नोंदीप्रमाणं मल्हार शेवटचा दिसला तो तिथल्या रेल्वे स्टेशनावर. ठाण्यापासून तासाभराची वाट, पण आठ वर्षांत मुंजाजी एकदाही गेला नव्हता.

फलाटावरच्या म्हाताऱ्या चहावाल्यानं फोटो उन्हात धरून बघितला.

"ह्यो व्हय? पंधरा दिस हितंच बसून व्हता. घरचं कुणी न्यायला येतंय का म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याची तोंडं बघायचा. मंग एक दिवस गाडीत बसला." त्यानं फोटो परत दिला. "तवा यायचं व्हतं, साहेब."